साडेतीनची मोटर

सुधाकरभाऊ, परवा कोणीतरी आपला ऑसिलोस्कोप ऑटोवर ठेवून गेलं आणि मी लॅबभर ऐकू जाईल अशी ओरडले. ओरडून झाल्यावर लक्षात आलं, आवाज माझा होता पण शब्द तुमचे. "ऑटोवर ठेवलं की ते कशालेबी सिग्नल म्हनते!" तृतीय वर्षाच्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. मॅडमना आज काय झालं, असं त्यांना वाटलं असणार. मग मीही हसले, आणि मग मला डोळे पुसावे लागले. पाठ फिरवून पुसले, कोणाला दिसलं नाही.

तुम्हाला जाऊन उद्या सोळा दिवस होतील. कॉलेजच्या अंकासाठी तुमच्यावर चार शब्द लिहून द्या, असं प्राचार्यांनी मला सांगितलंय. त्यांना जन्मगाव, शिक्षण, सेवेची वर्षं असलं काहीतरी हवंय. ते सगळं ऑफिसच्या फाइलीत आहे, तिथून घ्या म्हणावं. मला तुमच्याशीच बोलायचंय. एक साधं वाक्य तुम्हाला म्हणायचं आठ वर्षं राहिलं. त्या दिवशी तुम्ही बरोबर होतात, एवढंच ते वाक्य आहे. ते दुसऱ्या कोणाला म्हणून उपयोग नाही, म्हणून हे लिहायला बसले.

पण आधी जरा मागून सुरू करते. मागचं समजल्याशिवाय पुढचं समजत नाही, हे तुमचंच म्हणणं.

तुम्हाला आठवतं का माहीत नाही, पण मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. चिखली रोडवरच्या गावातून एसटीनं यायचे मी. बाबांच्या वांग्यांच्या पाट्याही त्याच एसटीनं बुलढाण्याच्या बाजारात यायच्या, त्यामुळे माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीला कायम हिरव्या देठांचा वास असायचा. त्या दिवशी टेबलावर तो जुना, गोल पडद्याचा स्कोप होता. विजेचा दाब कसा कमीजास्त होतो त्याचं चित्र काढणारं यंत्र, असं सरांनी सांगितलं होतं. माझ्या पडद्यावर चित्र होतं खरं, पण ते थांबतच नव्हतं. हिरवी लाट डावीकडून उजवीकडे नुसती पळत सुटलेली. मी तिच्यामागे वही घेऊन बसले होते, आता थांबेल मग थांबेल. तुम्ही खांद्यावर पंचा टाकून मागून आलात. लॅब असिस्टंट म्हणजे नुसती काचेची भांडी मोजणारा माणूस, अशी माझी समजूत होती.

"दोरीवरच्या उड्या खेळली का कवा?" असं तुम्ही विचारलंत. मी हो म्हटलं. फिरत्या दोरीत आत केव्हा शिरायचं, असं विचारलंत. दोरी वरून खाली यायला लागली की, असं मी म्हटलं. "दर खेपी त्याच जागी शिरतं, म्हनून पाय अडकत नाई. याले बी तेच सांगाचं, कोन्या जागी शिर. त्याले ट्रिगर म्हनते." आणि तुम्ही एक बटण जरासं फिरवलंत. लाट जागच्या जागी उभी राहिली. भाऊ, मी पुढं एम.एस्सी. केलं, पीएच.डी. केली, चार शहरांतल्या परिषदांना जाऊन आले, पण ट्रिगर मला त्याहून चांगला कोणीच शिकवला नाही. आजही पहिल्या प्रॅक्टिकलला मी मुलींना दोरीवरच्या उड्याच विचारते. मुलांना विचारलं तर ती लाजतात.

सहा वर्षांनी मी त्याच लॅबमध्ये प्राध्यापक म्हणून आले, तेव्हा आपली दोघांची फजिती झाली. तुम्ही आत आलात की मी खुर्चीवरून उठायचे, आणि मी उठले की तुम्ही दाराशीच थांबायचात. दोघंही उभे. शेवटी तुम्हीच तोडगा काढलात. चारचौघांत 'मॅडम' आणि स्टोअररूममध्ये 'पोरी'. मला स्टोअररूम जास्त आवडायची. तिथं तुम्ही डबा उघडायचात, कमलवहिनींच्या हातचा ठेचा आणि ज्वारीची भाकर, आणि मला न विचारता अर्धी भाकर माझ्यापुढं यायची. "लेक्चर देऊन देऊन वाळून राह्यली तू," हे त्यासोबत ठरलेलं.

मग नवा डिजिटल स्कोप आला. जुना स्कोप नुसता दाखवायचा, हा साठवून ठेवणारा. सोबत इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक. तुम्ही बारावीपर्यंत शिकलेले, पण ते पुस्तक तुम्ही घरी नेलंत आणि शब्दकोश घेऊन पानपान वाचून काढलंत. आम्ही तिघं प्राध्यापक होतो. आमच्यापैकी एकानंही ते उघडलं नव्हतं, हे आता अंकात छापलं गेलं तरी चालेल. पंधरा दिवसांनी स्कोपच्या बटणांखाली कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटलेल्या दिसल्या. स्केचपेनचं सुवाच्य अक्षर. सिग्नल आला तरच नोंद घेणाऱ्या मोडखाली 'आल्यावरच'. एकच नोंद घेऊन थांबणाऱ्या मोडखाली 'एकदाच'. आणि सिग्नल येवो न येवो, आपणच चित्र काढत राहणाऱ्या ऑटोखाली नुसतं 'नको'. विद्यापीठाची समिती आली तेव्हा अध्यक्षांनी चष्मा वर करून ती पट्टी दोनदा वाचली होती आणि कारण विचारलं होतं. तुम्ही कारण सांगायला लागलात ते वीस मिनिटं. समितीचा चहा थंड झाला.

लेव्हलचं तुमचं शास्त्रही त्याच दिवशी समितीनं ऐकलं. ट्रिगरची लेव्हल म्हणजे किती मोठा सिग्नल आला की यंत्रानं जागं व्हायचं ती पातळी. "लय खाली ठेवली तं माशी बसली तरी उडते. लय वर ठेवली तं हत्ती गेला तरी समजत नाई." घरातल्या माणसांचंही तसंच असतं, असं तुम्ही पुढं जोडणार होतात, तेवढ्यात प्राचार्यांनी जेवणाची वेळ झाल्याचं सांगितलं.

आपला एक वाद मात्र कधी मिटला नाही. हे यंत्र ट्रिगरची वाट पाहत असतं तेव्हाही सतत नोंदत असतं आणि जुनं पुसत असतं. ट्रिगर आला की त्याच्या आधीचंही थोडं राखून ठेवतं. आधीचं किती राखायचं हे आपण ठरवायचं. मी म्हणायचे दहा टक्के पुष्कळ झाले, जागा पुढच्यासाठी राहू दे, कारण जे घडतं ते पुढेच घडतं. तुम्ही म्हणायचात अर्धं. तुम्ही स्कोप अर्ध्यावर लावून जायचात, मी आल्या आल्या दहावर आणायचे, आणि दुपारी बघावं तर परत अर्ध्यावर. हे वर्षानुवर्षं चाललं. आता तो दहावरच असतो, कोणी हात लावत नाही, आणि मला त्यात काही मजा येत नाही.

माझ्या पीएच.डी.चं काम तुम्हाला माझ्याइतकंच माहीत होतं, पण अंक वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी एक पूड करायचे, ती दाबून शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्या करायचे आणि भट्टीत भाजायचे. तुम्ही त्यांना टिकल्या म्हणायचात. टिकलीवर विजेचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. एका क्षणी ती सहन करेनाशी होते, टक् असा आवाज येतो आणि तिच्यातून वीज आरपार जाते. तो क्षण डोळा मिटण्याच्याही किती तरी आधी संपतो. त्या क्षणाचं चित्र मला हवं होतं. टिकली एकदाच फुटते, त्यामुळे संधीही एकच, आणि ती नेमकी केव्हा फुटेल हे कोणालाच माहीत नाही. म्हणून स्कोप 'एकदाच'वर लावून वाट पाहायची. नोंद झाली की त्याच्या कोपऱ्यातला बारीक दिवा रंग बदलायचा. एक टिकली करायला तीन आठवडे लागायचे.

खरी अडचण होती आपली वायरिंग. इमारतीत कुठेही काही मोठं चालू झालं की त्याचा झटका तारांतून लॅबपर्यंत यायचा आणि स्कोपला वाटायचं, आला सिग्नल. दुसरी टिकली कँटीनच्या मिक्सरनं खाल्ली. चटणी छान झाली होती त्या दिवशी, पण माझे तीन आठवडे गेले. तेव्हापासून तुम्ही गस्त सुरू केलीत. टिकली लावायच्या आधी तुम्ही अख्ख्या कॉलेजला फेरी मारायचात. कँटीनमध्ये मिक्सर बंद. रसायनशास्त्रात ओव्हन बंद. ऑफिसात झेरॉक्स बंद. मागं बोअरच्या मोटरीवर मारोतीभाऊंना निरोप, स्टार्टरला हात लावायचा नाही. शिपायाला सांगायचं, विजेची बेल दाबू नको, पितळी तास बडव. मग लॅबच्या दाराला खडूनं लिहिलेली पाटी लागायची: ट्रिगर लावलेला आहे. मराठी विभागाच्या बाई ती पाटी वाचून पलीकडच्या जिन्यानं जायच्या, स्फोट होईल म्हणून. माझ्या एका क्षणासाठी पाचशे पोरं आणि सगळा स्टाफ अर्धा तास श्वास धरून बसायचा आणि कोणी कधी कुरकुर केली नाही, कारण सांगायला तुम्ही जायचात. मी गेले असते तर मला अर्ज करायला लावला असता.

आता तो दिवस.

सहावी टिकली होती. जाड, सगळ्यात नीट भाजलेली. प्रबंध द्यायची मुदत जवळ आली होती आणि त्या एका चित्रावाचून माझं शेवटचं प्रकरण उभं राहत नव्हतं. तुम्ही गस्त घालून आलात. पाटी लावली. लॅबमध्ये एम.एस्सी.ची पाच-सहा मुलं आणि आपले दोन सहकारी उभे होते. मी दाबाच्या मीटरवर डोळे लावून बटण फिरवत होते, तुम्ही स्कोपसमोर. साडेतीन वाजून गेले होते. टक् झालं. मी वळून पाहिलं तर पडद्यावर चित्र. आणि काय चित्र, भाऊ! उंच उसळी आणि मागं लांब, सावकाश उतरत जाणारी शेपटी. सिद्धांतात लिहिलं होतं तस्संच. मी टाळ्या वाजवल्या. मुलांनीही वाजवल्या.

तुम्ही वाजवल्या नाहीत. तुम्ही म्हणालात, "मॅडम, हे टिकलीचं नाई. हे मोटरीचं हाय. दिवा आधी बदलला, आवाज मंग आला."

म्हणजे स्कोप दुसऱ्याच कशानं तरी आधी जागा झाला, ते चित्र काढून थांबला, आणि टिकली फुटली तेव्हा तो काही नोंदतच नव्हता. मला ते त्याच क्षणी समजलं होतं. समजलं म्हणूनच राग आला. मी विचारलं, मोटरीवर निरोप दिला होता ना? तुम्ही म्हणालात, मारोती नांदुऱ्याला गेला आहे, सुट्टीवर. मग मोटर काय भुतानं लावली का, असं मी म्हटलं आणि सगळे हसले. पण तुम्ही मान हलवत राहिलात, दिवा आधी, आवाज मंग. तेव्हा मी ते बोलले.

"भाऊ, तुम्ही यंत्रं सांभाळा. फिजिक्स माझं मी पाहते."

सगळ्यांसमोर. तुम्ही पंचा खांद्यावर नीट केलात, दाराची पाटी उतरवलीत, ओल्या फडक्यानं पुसून ठेवलीत आणि स्टोअररूममध्ये गेलात. ज्या माणसानं मला ट्रिगर शिकवला त्याला मी ट्रिगरवरून हे ऐकवलं. लिहितानाही कान गरम होताहेत.

पुढचे तीन दिवस आपण बोललो नाही. अर्धी भाकरही आली नाही. त्या दिवसांत दुसरी एक गंमत चालू होती, ती सगळ्या कॉलेजला आठवते. गच्चीवरची पाण्याची टाकी रोज दुपारी वाहायची. साडेतीनच्या सुमारास धबधबा सुरू. स्कूटर स्टँडचा चिखल झाला. रसायनशास्त्राचे सर त्यात घसरले आणि पुढचे दोन तास त्यांनी बसूनच घेतले. प्राचार्य मारोतीभाऊंना खिडकीतून ओरडायचे आणि मारोतीभाऊ खालून 'हाव सर' म्हणायचे, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. झेंडूची झाडं मात्र त्या आठवड्यात अशी फुलली की बोलायची सोय नाही.

मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. मी दाराला आतून कडी लावून बसायचे. मनातून ते चित्र जात नव्हतं. दिवा आधी, आवाज मंग. तिसऱ्या दिवशी मी टिकलीच्या जागी काहीच न लावता नुसत्या तारा जोडल्या, स्कोप 'एकदाच'वर लावला आणि बसून राहिले. कोणाला सांगितलं नाही. दाब शून्य. फुटायला काही नाहीच. साडेतीन होऊन दोन-तीन मिनिटं झाली असतील, दिवा बदलला. पडद्यावर तीच उंच उसळी. तीच लांब शेपटी. बाहेर गच्चीवरून पाणी पडायला लागलं होतं.

मी जुनं चित्र काढून त्याच्यावर ठेवलं. कुठं केसाचाही फरक नव्हता. सिद्धांताशी जुळणारा माझा सुंदर निकाल म्हणजे पाऊण इंची पाइपातून चढणारं बोअरचं पाणी होतं.

प्रबंधातलं ते पान मी फाडून लॅबच्या टोपलीत टाकलं. गाइडना फोन करून मुदत वाढवून मागितली, त्यांची बोलणी खाल्ली. सातव्या टिकलीला मी स्वतः तुमच्यासोबत गस्त घातली आणि मोटरीच्या स्टार्टरपाशी एका मुलीला खुर्ची टाकून बसवलं. त्या टिकलीचं चित्र बुटकं आलं, वेडंवाकडं, सिद्धांताशी अर्धवट जुळणारं. पण ते टिकलीचं होतं. तेच प्रबंधात गेलं आणि परीक्षकांनी नेमकं त्याच चित्राचं कौतुक केलं, की हे वेगळं आहे. मनोगतात मी लिहिलं, 'श्री. सुधाकर यांच्या तांत्रिक साहाय्याबद्दल आभारी आहे.' तुम्ही ते वाचलंत आणि नाव बरोबर छापलंय एवढंच म्हणालात.

मी पान फाडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही काही झालंच नाही अशा थाटात येऊन विचारलं होतंत, मॅडम, स्कोपच्या तारेचा प्रोब कुठं ठेवला. मी सांगितलं, ड्रॉवरमध्ये. दुपारी अर्धी भाकर आली. झालं, भांडण मिटलं. त्यामुळे ते वाक्य म्हणायची वेळच आली नाही, असं मी स्वतःला समजावत राहिले. खरं म्हणजे मला ते म्हणायचं नव्हतं. चिमूटभर गोष्ट होती, पण तोंडातून निघेना. तुमच्या निरोपसमारंभात मी ते बोलणारच होते, कागदावर लिहूनही नेलं होतं, आणि ऐन वेळी 'नको'च्या पट्टीचा किस्सा सांगून टाळ्या घेतल्या. तुम्ही पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त हसलात.

शेवटची संधी दवाखान्यात होती. गेल्या महिन्यात भेटायला आले ते हेच म्हणायला आले होते, भाऊ. पण तुमच्या छातीला तारा लावलेल्या आणि उशाशी मॉनिटर. तुम्ही कूस बदलली की तो ओरडायचा, सिस्टर धावत यायची, आणि तुम्ही तिला समजावत होतात की बाई, तार हलली की हे असं दाखवते, मी ठीक हाय. मी स्टुलावर बसले तर मला म्हणालात, "पाह्य पोरी, याचा ट्रिगर पाह्य. ठोक्याची कोनती जागा धरते सांग बरं." पाऊण तास आपण तुमच्या काळजाच्या ठोक्याचा अभ्यास केला. उंच टोक धरतो यावर एकमत झालं. तुम्ही इतके खूश होतात की मला वाटलं, पुढच्या वेळी सांगू. पुढची वेळ आली नाही. याचं वाईट वाटतं आणि फार वाटतं, हे सरळ सांगून टाकते.

आता रविवारचं सांगते. तुमच्या पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे कॉलेजमधले तुमच्या गावी गेलो होतो. अंगणात पांढरा मांडव, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी तुमचा फोटो, पांढऱ्या शर्टातला, गंभीर. तो फोटो कोणी निवडला माहीत नाही, तुम्ही इतके गंभीर फक्त पासपोर्टच्या फोटोग्राफरपुढंच झाला असाल. त्रिशरण-पंचशील झालं. मग एकेक जण बोलायला उठला. प्राचार्य बोलले. तुमचे गावचे मित्र बोलले. मी नंतर बोलणार होते. तेवढ्यात मागून मारोतीभाऊ उठले. ते कधी कुठं बोलत नाहीत, त्यामुळे सगळे वळून पाहायला लागले.

टोपी हातात घेऊन ते म्हणाले, "ते टाकी वाह्याची नं, त्यात माही चूक नोती. सर इतके बोलले मले, मी कोनालेच सांगतलं नाई. आता सुधाकरभाऊ गेले, आता सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. त्या दिवशी ते सुट्टीवर होते खरे, पण नांदुऱ्याचं काम लवकर आटपलं म्हणून दुपारच्या गाडीनं परत आले, आणि आल्या आल्या त्यांनी मोटर लावली. तुम्ही ते सुट्टीवर आहेत असं धरून गस्तीत मोटरीकडे गेलाच नव्हता. संध्याकाळी तुम्ही त्यांच्याकडे गेलात आणि विचारलंत, मोटर किती वाजता लावली. साडेतीन, असं ते म्हणाले. तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात आणि म्हणालात, चूक माही हाय. मारोतीभाऊ म्हणाले, चला, मॅडमना आत्ताच सांगून येऊ. तुम्ही त्यांना थांबवलंत.

"मले म्हने, मी सांगतलं तं ते पोरगी माह्या शब्दाखातर पान काढून टाकीन. तसं नोको. तिनं सोता पाहून काढलं पायजे. थेसिस तिचं हाय. तू एक काम कर, रोज बराबर साडेतीनले मोटर लाव. टाकी भरलेली असो का नसो. मी बंद कर म्हनेपरेंत लाव."

मांडवात आधी कोणाला काही कळलं नाही. मग रसायनशास्त्राचे सर मोठ्यानं हसले, जे त्या चिखलात पडले होते ते, आणि मग सगळा मांडव हसायला लागला. भंतेजीही हसले. प्राचार्यांनी मारोतीभाऊंना हात जोडले. मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि या वेळी पाठ फिरवायला जागा नव्हती.

आठ वर्षं मला वाटत होतं की माझी चूक माझी मी पकडली, माझं सत्य माझं मी शोधलं, आणि तुम्हाला कळू न देता. कडी लावून! आणि तुम्ही बाहेरून मला रोज सिग्नल पाठवत होतात. स्वतः बरोबर असल्याचा पुरावा हातात असताना तो माझ्या तोंडावर फेकला नाहीत. तुमची गस्तीतली चूकही झाकली नाहीत, फक्त ती माझ्या कामाच्या आड येऊ दिली नाहीत.

मला बोलायला बोलावलं तेव्हा मी लिहून नेलेलं काही वाचलं नाही. ज्यांच्यासमोर मी तुम्हाला बोलले होते त्यांतले दोघं मांडवात होते, त्यांच्याकडे पाहून मी सांगितलं की त्या दिवशी मी भाऊंना काय म्हटलं होतं, आणि ते कसं चुकीचं होतं. एवढंच सांगून खाली बसले.

जेवणं झाल्यावर कमलवहिनींजवळ जाऊन बसले. त्या पान लावत होत्या. मी म्हटलं, वहिनी, मला सापडलं हे त्यांना मी कधी सांगितलंच नाही. तुम्ही बरोबर होतात हे त्यांना एकदाही म्हटलं नाही. ते ऐकायचं राहूनच गेलं त्यांचं.

त्यांनी पानाला चुना लावला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्यायले समजलं होतं वं माय. त्या दिवशी घरी आले तं हातात पेढे. मी म्हनलं काहाचे? म्हने, पोरगी पास झाली. मी म्हनलं, अवो, तिचा निकाल तं लागाचा हाय अजून. म्हने, नाई, तिनं आज पान फाडलं. लागला निकाल."

भाऊ, तुम्ही बरोबर होतात. घ्या, म्हटलं एकदाचं.